निधान, सार, निधान!



या मालिकेत बोलायला बोलावलं तेव्हा मी विषय सांगितला, 'पडलेली मोठी झाडं कापून सरपण करणं'. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "यात वीस मिनिटं बोलण्यासारखं काय आहे हो? मशीन लावली की झाड कापलं जातं ना?"

मंडळी, हेच वाक्य एके काळी मी स्वतः म्हणत होतो. त्याची किंमत एका मुलाच्या पायानं चुकवली. म्हणून आज बोलतोय.

मी मूळचा बेळगावचा. बंगळुरूला येऊन सव्वीस वर्षं झाली. पंप, जनरेटर, गवत कापायची मशीनं दुरुस्त करायचं माझं छोटं वर्कशॉप आहे. त्यातच चेनसॉ दुरुस्तीला यायला लागले. दुरुस्त केलेलं मशीन नीट चालतंय का, हे बघायला लाकूड लागतं. बंगळुरात एप्रिल-मेच्या वळवात लाकूड रस्त्यावरच येऊन पडतं. असं करत करत आसपासच्या वसाहतींमधली पडलेली झाडं कापायची कामं मिळायला लागली.

माझ्याबरोबर एक वयस्कर मेस्त्री होते. आपल्याकडे मिस्त्री म्हणतो, इथं मेस्त्री. मी त्यांना अण्णा म्हणायचो. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, तेवढीच सोय. बाकी माझं कन्नड सुरुवातीला यथातथाच होतं. बेळगावात ऐकलेलं कन्नड वेगळं आणि इथलं वेगळं. पहिल्यांदा फोनवर कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, "मर बिद्दिदे सार!" मला वाटलं कुणी मेलं. कन्नडमध्ये 'मर' म्हणजे झाड. झाड पडलंय, एवढंच तो सांगत होता. आणि अण्णांचा एक शब्द होता, दिवसातून शंभर वेळा म्हणायचे, "निधान सार, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. माझ्या मराठी कानाला मात्र ते दर वेळी 'निधन' असं ऐकू यायचं. तेव्हा हसायचो.

आता बंगळुरातच एवढी मोठी झाडं का पडतात, ते थोडक्यात सांगतो. या शहराच्या रस्त्यांवरची झाडं बहुतेक माणसांनी विचार करून लावलेली आहेत. गुस्ताव क्रुंबिगेल नावाचा जर्मन बागतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत आला आणि तिथून पुढे १९०८ मध्ये बंगळुरूला लालबागेचा प्रमुख झाला. एक झाड फुलून संपलं की दुसरं फुलायला हवं, अशा हिशोबानं त्यानं देशोदेशीची झाडं रस्त्यांना लावली. पुढे १९८० च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे १५ लाख झाडं लावली गेली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारं पुष्कळसं झाड चाळिशीचं आहे आणि जुन्या भागातले रेन ट्री त्याहून बरेच थोर. रेन ट्री मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याचा पसारा तीस मीटरपर्यंत जातो. गुलमोहर मादागास्करचा, त्याचं लाकूड ठिसूळ.

ही झाडं स्वभावानं पडणारी नाहीत. आपण त्यांना पाडायच्या बेतानं वागवतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट करायचं, म्हणजे मुळांना हवा-पाणी नाही. गटारासाठी, केबलसाठी चर खणायचा, म्हणजे एका बाजूची मुळं तुटली. घरावर येतात, तारांना लागतात म्हणून एकाच बाजूच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे सगळं वजन रस्त्याकडे. मग एका संध्याकाळी जमीन भिजते, वारा येतो आणि झाड मुळासकट आडवं. २ जून २०२४ ला बंगळुरात एका दिवसात १११.१ मिलिमीटर पाऊस झाला. १८९१ पासूनचा जून महिन्यातला एका दिवसाच्या पावसाचा विक्रम त्या दिवशी मोडला. शहरभर झाडं पडली. त्या रात्री माझा फोन थांबला नव्हता. त्या रात्रीकडे मी शेवटी परत येईन.

आधी २०११ चा मे महिना.

एका वसाहतीतला रेन ट्री पडला होता. बुंधा तीन फुटांचा. झाड मुळासकट उपटून आडवं झालेलं. असं झाड पडतं तेव्हा मुळं आणि त्यांनी धरून ठेवलेली माती यांची एक भिंतच उभी राहते. ती भिंत सात-आठ फुटांची होती, वर फुटपाथच्या फरशा चिकटलेल्या. तिच्यामागे खड्डा. मुळांबरोबर पाण्याचा पाइप उखडला होता, त्यामुळे खड्ड्यात पाणी भरत होतं. झाड नेमकं फाटकात. संध्याकाळी तिथल्या एका घरी साखरपुडा होता, गाड्या आत यायच्या होत्या. दर दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन विचारत होतं, "झालं का?"

फांद्या आम्ही दुपारपर्यंत काढल्या. अण्णा पाचरी आणायला वर्कशॉपला निघाले. जाताना म्हणाले, "निधान सार. मी येईपर्यंत बुंध्याला हात लावू नका." मी हो म्हणालो. ते गेल्यावर पुन्हा कुणीतरी आलं, "झालं का?" आणि मी मशीन सुरू केलं.

आमच्याकडे एक मदतनीस मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. पाइपला कापड गुंडाळायला तो मुळांच्या भिंतीमागे, खड्ड्यात उतरला होता. मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी बघायलाच गेलो नव्हतो. मी बुंधा मुळांपासून तीन-चार फुटांवर कापायला घेतला. काप पूर्ण झाला, खोड खाली बसलं आणि त्याच क्षणी ती भिंत मागे झुकली. झाड जसं उभं होतं तसं परत उभं राहायला निघाली. कारण तिला वर धरून ठेवलं होतं ते खोडाच्या वजनानंच. वजन मी कापून टाकलं, भिंत आपल्या खड्ड्यात परत बसली.

पोरगा उडी मारून निघाला, पण डावा पाय आत राहिला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

मशीन चांगलं होतं. पाऊस थांबला होता. साखरपुड्याच्या लोकांचाही दोष नाही, त्यांना काय माहीत? ज्याला माहीत असायला हवं होतं तो मी होतो. चेनसॉ कसा खोलायचा, कार्ब्युरेटर कसा लावायचा हे मला झोपेतही येत होतं. पण मला मशीन कळत होतं, झाड कळत नव्हतं. त्या दिवसानंतर मी अण्णांच्या हाताखाली खऱ्या अर्थानं शिकायला लागलो. ते जे शिकवलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. पडलेलं झाड निवांत पडलेलं नसतं. उभ्या झाडाचं वजन बुंध्यातून सरळ जमिनीत जातं. पडलेल्या झाडाचं वजन कुठं फांदीवर, कुठं कंपाउंडच्या भिंतीवर, कुठं गाडीच्या टपावर असतं. कुठली फांदी खोडाखाली दबून धनुष्यासारखी वाकलेली असते. म्हणजे पडताना जो जोर होता तो संपलेला नसतो, लाकडात साठलेला असतो. तुम्ही काप घेता तेव्हा तो जोर मोकळा करता. तो कुठं जाणार हे आधी कळलं नाही, तर तो तुमच्याकडे येणार.

हे समजायला घरी एक प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. एक टोक टेबलावर घट्ट दाबा, दुसरं बाहेर काढून खाली वाकवा. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. आता तीच पट्टी दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध दाबा. उलटं झालं. वरून दाब, खालून ताण. लाकडाचंही हेच. एका टोकाला धरलेली फांदी म्हणजे पहिली पट्टी. दोन्हीकडे टेकलेलं खोड म्हणजे दुसरी.

नियम एवढाच. आधी दाबाच्या बाजूनं काप, साधारण तिसरा हिस्सा, आणि काप मिटायला लागलेला दिसला की थांबायचं. मग ताणाच्या बाजूनं येऊन पुरा करायचा. उलट केलं, म्हणजे आधी ताणाच्या बाजूनं भसकन कापलं, तर लाकूड उभं फाटतं आणि फाटलेलं टोक फटका मारतं. दाबाच्याच बाजूनं पुढे रेटत राहिलं, तर काप मिटतो आणि मशीन अडकतं. अडकलेलं मशीन ओढून काढताना माणसं पडतात, हात कापून घेतात.

म्हणून अण्णांची पद्धत अशी होती. जागेवर पोचलं की मशीन गाडीतच ठेवायचं. आधी चहा. चहा घेत घेत झाडाभोवती एक पूर्ण फेरी. या फेरीत चार प्रश्न विचारायचे. झाड कशाकशावर टेकलंय? काय वाकलंय? मी कापल्यावर काय कुठं जाईल? आणि तसं गेलं तर मी कुठल्या बाजूनं पळणार? पळायची वाट आधी साफ करायची, मगच मशीनची दोरी ओढायची. आणि वर बघायचं. तार अडकलेली असेल तर काम सुरूच करायचं नाही. इथं बेसकॉमचा १९१२ नंबर आहे, लाइन बंद झाल्याचं त्यांच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. ओली फांदी तारेला टेकलेली असेल तर तीही तारच समजा.

मग फांद्या. शेंड्याकडून, बाहेरून आत यायचं. ज्या फांद्यांवर खोड टेकलंय त्या अगदी शेवटी. लोकांना त्याच आधी काढाव्याशा वाटतात, कारण त्या वाटेत येतात. त्या काढल्या की दोन-तीन टनांचं खोड लोळायला मोकळं. खोड उतारावर असेल तर उभं राहायचं ते चढाच्या बाजूला. आणि मुळांची भिंत असेल तर तिच्या मागं माणूस, जनावर, पोर कुणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. भिंतीला दोर किंवा चेन-पुली लावून धरायची. बुंधा तिच्या अगदी जवळ कापायचा नाही, चांगला लांब बुडखा ठेवायचा. मागं न बसता पुढं झुकली तर तो बुडखा टेकू होतो. मी त्या दिवशी यातलं एकही केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, मशीन. ज्या पट्टीवर चेन फिरते तिला आम्ही बार म्हणतो. पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण वीस मीटर पळते. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला टेकला, तर चेन तिथं चावून बसते आणि सगळं मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. याला किकबॅक म्हणतात. हे इतक्या पटकन होतं की आपले हात मध्ये येऊच शकत नाहीत. म्हणून डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून पूर्ण वेढलेला हवा, चेन-ब्रेक चालू हवा आणि डोकं बारच्या रेषेत कधीच नको. पडलेल्या झाडात फांद्यांचं जंगल असतं. तुम्ही समोरची फांदी कापत असता आणि टोक मागच्या, न दिसणाऱ्या फांदीला लागतं. किकबॅक बहुतेक वेळा असाच होतो. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही आणि शिडीवर चढून तर मुळीच नाही, हे त्याचसाठी.

आता चेनबद्दल एक छान गोष्ट. पूर्वी चेनचे दात करवतीसारखेच होते, खरवडणारे. ते लवकर बोथट व्हायचे. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये सरपण फोडताना त्याला ओंडक्यात एक भुंग्याची अळी दिसली. ती लाकूड आडवं, उभं, कसंही खात पुढे जात होती. त्यानं तिचे जबडे निरखून पाहिले. डावा-उजवा, डावा-उजवा असे ते लाकूड कातरत होते. तसेच दात त्यानं चेनला लावले आणि १९४७ मध्ये विकायला काढले. आज जगातल्या बहुतेक चेनसॉचे दात त्याच वंशातले आहेत.

याचा आपल्याला उपयोग काय? धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते. बोथट चेन पीठ काढते. पायाशी पडतंय ते बघा. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की थांबा आणि कानस काढा. बोथट चेननं माणूस मशीन दाबायला लागतो, आणि दाबणारा माणूस तोल सांभाळत नाही. गोल कानशीनं प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, तीन तर तीन, चार तर चार. एका बाजूला जास्त झाले की काप सरळ न जाता वळत जातो.

आमच्याकडे हे काम कोण करतो माहीत आहे? तोच पोरगा. आता पोरगा कसला, चौतिशी आली. पाय जोडला गेला, पण चालताना लंगडतो. झाडावर परत यायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि बसून करायचं हे काम घेतलं. शहरातल्या कितीतरी लोकांच्या चेन त्याच्याकडे येतात. दाताला बोटानं नुसता स्पर्श करून सांगतो, "हा खिळ्यावर गेलाय."

बंगळुरूच्या झाडांत खिळे फार. जाहिरातीचे बोर्ड, 'घर भाड्याने' असे फलक, इंटरनेटच्या केबल, दिवाळीच्या माळा, सगळं खिळ्यानं ठोकतात. झाड दर वर्षी नवीन लाकूड चढवतं आणि खिळा आत गिळतो. वीस वर्षांनी बाहेर काहीच दिसत नाही. लोखंडी कुंपणाच्या सळया, तार, एकदा तर एक कुलूप मिळालं आम्हाला. माणसाच्या उंचीइतक्या बुंध्यावर कापताना म्हणून सावध राहायचं. लाकडात निळसर-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजायचं.

तिसरी गोष्ट, मोठं खोड. फांद्या काढून झाल्या की लोकांना वाटतं काम संपलं. खरं तिथं सुरू होतं. तीन फूट जाडीच्या खोडाची एक फूट रुंदीची चकती कापली, तर ओली असताना तिचं वजन १८० किलोच्या आसपास भरतं. ती उचलायची कुणी? पायावर पडली तर?

आमचा बार अठरा इंची. लोक विचारतात, तीन फुटांचं खोड यानं कसं कापणार? दोन्ही बाजूंनी. एका बाजूनं अर्ध्यापर्यंत जायचं, काप मिटू नये म्हणून त्यात पाचर मारायची, मग पलीकडून येऊन काप जुळवायचा. पाचर प्लास्टिकची किंवा लाकडाची, लोखंडाची नाही, कारण चेन तिला लागू शकते. खाली मात्र जमिनीपर्यंत कापायचं नाही. मातीला चेन एकदा जरी टेकली तरी धार गेली. सगळे काप तीन-चतुर्थांश घ्यायचे, मग पहारीनं खोड अर्धं फिरवायचं आणि उरलेला भाग वरून कापायचा. खोड फिरवताना समोर कुणी नको.

मग त्या १८० किलोच्या चकतीचं काय? इथं अण्णांनी मला एक गंमत दाखवली. चकती आडवी न ठेवता कडेवर उभी करायची आणि मशीन तंतूंच्या दिशेनं लांब चालवायचं. भुसा पडत नाही, लांब लांब शेवया पडतात. अण्णा त्याला शाविगे म्हणायचे, म्हणजे शेवयाच. त्या शेवया मशीनच्या झाकणात अडकतात, सारख्या काढाव्या लागतात. पण दोन-तीन कापांत चकतीचे उचलण्याजोगे तुकडे होतात, घण न मारता.

कारण घण सगळ्यांवर चालत नाही. सिल्व्हर ओकचं सरळ लाकूड कुऱ्हाडीनं फुटतं. नीलगिरी ओली असतानाच फोडावी, वाळली की ती दगड होते. रेन ट्रीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, पाचर मारली की ती आतच रुतून बसते. चिंच तर त्याहून अवघड. अशा लाकडाला मधून फोडायचं नाही, कडेकडेनं ढलपे काढत आत यायचं. आणि गाठीचा तुकडा पहिल्यांदाच बाजूला ठेवायचा. त्याच्याशी भांडण्यात दिवस जातो आणि पाठ जाते.

आता सरपण. इथं सरपणाला सौदे म्हणतात. लाकडाच्या वखारीवर पाटी असते 'सौदे डिपो'. मला आधी वाटलं होतं काहीतरी खरेदी-विक्रीचा सौदा असेल. या डिपोतून लाकूड हॉटेलांना, बिर्याणीवाल्यांना, लग्नाच्या भटारखान्याला आणि स्मशानात जातं.

ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते जाळलं तर आधी पाणी उकळतं, मग धूर होतो आणि उष्णता कमी मिळते. म्हणून फोडायचं, जमिनीपासून वर, विटांवर रचायचं, वरून झाकायचं आणि बाजू उघड्या ठेवायच्या. वारा फिरायला हवा. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर बुरशी येते. सहा महिने ते वर्ष. बंगळुरूचा डिसेंबर ते मार्च यासाठी उत्तम. वाळलं की नाही हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. ओलं ठप्प वाजतं, वाळलेलं टणकन वाजतं.

यात घाई चालतच नाही, हे मला सगळ्यात जास्त कळलं ते एप्रिल २०२१ मध्ये.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. दुसरी लाट. बंगळुरातल्या विद्युतदाहिन्या रात्रंदिवस चालल्या तरी पुरत नव्हत्या. अँब्युलन्सच्या रांगा लागल्या होत्या. शहराबाहेर तावरेकेरेसारख्या ठिकाणी उघड्यावर चितांची तात्पुरती सोय करावी लागली. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. मी ज्या डिपोला लाकूड देत होतो, त्याच्या मालकाचा फोन आला. "काय असेल ते द्या. ओलं चालेल."

माझ्याकडे दोन ढीग होते. एक त्या महिन्यातल्या वळवात पडलेल्या झाडांचा, ओला. दुसरा आदल्या वर्षीचा, वाळलेला. तो एका केटररसाठी राखून ठेवला होता, पण लग्नंच होत नव्हती. मी म्हणालो, ओलं पण देऊ आणि सुकंही देऊ, वेळ काढायचा प्रश्न आहे. अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, मुलांनी त्यांना घराबाहेर पडायला मनाई केली होती. ते फोनवर म्हणाले, "ओलं देऊ नका सार. अर्धवट जळतं. घरच्यांना पुन्हा बोलावून दाखवायची गोष्ट आहे का ती?"

मी ओलं दिलं नाही. मी आणि तो पोरगा, दोघांनी मास्क लावून सुका ढीग गाडीत भरला. भरताना तो प्रत्येक दोन-चार तुकड्यांनी लाकूड आपटून बघत होता. मी म्हटलं, "अरे सगळं सुकंच आहे, भर पटापट." तो म्हणाला, "निधान सार." लंगडा पाय पुढे करून उभा होता. पुढं मी काहीच बोललो नाही. आठवड्याभरात तो ढीग संपला. ज्या वसाहतींमधली ती झाडं होती, तिथल्या लोकांना हे कधी कळलं नसेल. आपल्या दारातलं झाड कुणाच्या शेवटच्या उपयोगी आलं, हे त्यांना कळावं म्हणून मी आज सांगतोय.

अण्णा आता नाहीत. वयानं गेले, घरी, झोपेत.

शेवटी तुमच्यासाठी चार शब्द. उभं झाड कापायचं असेल तर कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बहुतेक झाडांना हात लावता येत नाही. महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ चा कायदा आहे. ऑनलाइन मशीन मागवून, व्हिडिओ बघून स्वतः सुरू करू नका. हौस असेल तर जमिनीवर पडलेल्या मनगटाएवढ्या फांदीपासून सुरुवात करा, कुणी जाणता बरोबर ठेवा, एकटे कधीच नको. डोळ्यांवर चष्मा, कानाला मफ, पायात पुढं पोलाद असलेले बूट आणि मांड्यांवर चेन अडवणारं कापड. चप्पल घालून चेनसॉ चालवणारा माणूस दिसला की मला अजून धडकी भरते. आणि कामाला माणसं बोलावलीत, तर त्यांना दर दहा मिनिटांनी "झालं का?" असं विचारू नका. चहा द्या. फेरी मारू द्या.

२ जून २०२४ च्या त्या रात्री मला अकरा ठिकाणचे फोन आले. एका ठिकाणी रेन ट्री नेमका फाटकात पडला होता. मुळांची भिंत, मागं खड्डा, खड्ड्यात पाणी. तेरा वर्षांपूर्वीचंच चित्र. लोक छत्र्या घेऊन उभे होते. कुणाला तरी पहाटेचं विमान होतं. मी टॉर्च घेऊन फेरी मारली, तारा बघितल्या आणि सांगितलं, "गाडी बाहेरून बोलवा, सामान आम्ही उचलून देतो. झाड उजाडल्यावर." लोक नाराज झाले. एक जण म्हणाला, "मशीन आहे ना तुमच्याकडे?"

आहे. म्हणूनच थांबलो.

सकाळी सात वाजता, लाइन बंद झाल्यावर, चेन-पुली लावून आम्ही काम सुरू केलं. दुपारी तीनला रस्ता मोकळा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. असा दिवस कुठल्या बातमीत येत नाही, आणि तो तसाच असावा.